नळाच्या दिवशीचा ओझोन

नातीने गच्चीवर पेटी बसवायला दोन माणसं आणली, तेव्हा मी वर बटाट्याचे चिप्स वाळत घातले होते. तिने मला चादर उचलायला लावली. जिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन राहतं, नेमकी तीच जागा तिला हवी होती.

"इथंच काहून? तिकडं टाकीजवळ लाव न," मी म्हटलं.

"टाकीनं हवा अडते, आजी. पेटीले चारही बाजूनं मोकळं पाहिजे."

"अन् माह्या चिप्सले काय कोंडून ठेवू?"

माणसं हसली, नात हसली नाही. मी चादर ओढत कोपऱ्यात नेली आणि पेटी बसली.

बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा असतो तेवढी, पांढरी पेटी. डोक्यावर एक नळी, नळीच्या तोंडावर वाटी पालथी घालावी तशी टोपी. आत लहानसा पंखा हवा ओढायचा आणि एक वायर खाली नातीच्या खोलीत जायची. हवेतला ओझोन मोजायची ती पेटी होती. नातीने मला उभं करून बजावलं. हात लावायचा नाही. झाडू मारायचा तर हातभर लांबून. जवळपास काही जाळायचं नाही. पेटी ती शिकते त्या संस्थेची आहे, बिघडली तर दुसरी मिळणार नाही, हेही तिनेच सांगितलं. हे शेवटचं तिने सांगितलं नसतं तर पुढचं काही झालंच नसतं.

घरात आम्ही दोघीच. मुलगा आणि सून बदलीच्या गावी असतात. नात शिक्षणासाठी माझ्याकडे राहिली ती राहिलीच. नागपूरच्या टोकाला, हुडकेश्वरला आम्ही प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला तुरीची शेतं होती. आता आमच्या गच्चीवरून चार घरांच्या चड्ड्या वाळताना दिसतात.

नात जे काम करते ते मला समजायला बरेच दिवस लागले. एकदा तिने कॉम्प्युटरवर नकाशा दाखवला. नागपूरच्या वरती खाप्याच्या पलीकडून खाली उमरेडच्या पलीकडपर्यंत सगळा मुलूख, आणि त्यावर चौकटी. चौथीपर्यंत आमच्या गणिताच्या वहीला असायच्या तशा. प्रत्येक चौकटीत तिला भरावं लागतं की तिथे गाड्या किती, कारखान्यांच्या चिमण्या किती, चुली किती, झाडं किती, वारा कुठून, ऊन केवढं. मग कॉम्प्युटर तासातासाने सांगतो की कोणत्या चौकटीत हवा किती बिघडली.

"म्हणजे धूर मोजते तो," मी म्हटलं.

"नाही वं आजी. धुरातले वायू उन्हात शिजते. शिजून त्याचा ओझोन होते. सकाळी नागपुरात गाड्यांनी धूर सोडला का तो वाऱ्यानं सरकत सरकत जाते, दुपारी दोन-तीन वाजेपर्यंत शिजते, अन् मंग दुसऱ्याच गावाले त्रास देते. डोळे चुरचुरते, छाती भरते, पिकाची पानं खराब होते."

"कोणत्या गावाले?"

"उन्हाळ्यात वारा तिकडून इकडं येते न. आपल्याकडं अन् आपल्या पुढं उमरेडच्या बाजूले."

माझं माहेर उमरेडच्या पुढे. मी बोट ठेवून ती चौकट शोधली. लाल होती. तिथे ना कारखाना, ना चौक. तिथे कोणी मोटार घेतली तर लोक बघायला जमायचे.

"हे खरं आहे का?" मी विचारलं.

"तेच तर पाहायचं आहे. कॉम्प्युटर म्हणते ते अन् पेटी म्हणते ते जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर माह्या सहा वर्षांचं काम पाण्यात."

सहा वर्षं तिचा प्रबंध चालला होता. मुदत एकदा वाढवून झाली होती, आता जूनअखेर शेवटची. पुण्याच्या एका संस्थेने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण प्रबंध जमा केल्याचा कागद दाखवला तरच. हे आमच्या घरात रोज एकदा तरी बोललं जायचं. पोरगी जेवताना पाय हलवायची. मी म्हणायची, ताट हालून राहिलं, पाय थांबव. दोन घास थांबायचा, पुन्हा सुरू.

एप्रिल सरत आला तसं ऊन वाढलं. नागपूरचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला काय सांगायचं. दुपारी गच्चीवर पाय ठेवला की चपलेचा तळ मऊ लागायचा. एकदा चिप्स उलटायला गेले आणि हात लावायचा नाही म्हणून सांगितलेल्या त्या पेटीला हात लावला. चटकाच बसला. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्यांच्या गच्चीवरचं टीव्हीचं यंत्र असंच तापून बंद पडलं होतं. हिची पेटी बंद पडली तर दुसरी नाही, आणि पेटी नाही तर प्रबंध नाही, एवढं मला कळत होतं.

मी खाली गेले. माठाला गुंडाळायला ठेवलेल्या गोणपाटांपैकी एक घेतलं, दुहेरी घडी केली, बादलीत बुडवलं, पिळलं आणि पेटीवर टाकलं. नळी, टोपी सगळं झाकून. खालून हवा जायला मोकळं ठेवलं, तेवढी अक्कल मला आहे. तासाभराने वर जाऊन पेटीला हात लावला तर गार. मला बरं वाटलं.

मग रोज साडेअकराला टाकायचं आणि पाचला काढायचं. पाचला एवढ्यासाठी, की सहाला ती घरी यायची आणि आल्याबरोबर गच्चीवर जायची. दिसलं असतं तर ओरडली असती. ओरडणं ऐकायची मला हौस नाही.

रोज म्हटलं ते बरोबर नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतो. नळाच्या दिवशी सगळं भरून झाल्यावर शेवटच्या बादलीत गोणपाट बुडायचं. बिननळाच्या दिवशी टाकीतलं पाणी मी त्याच्यावर घालत नव्हते. पाणी काही पेटीसाठी भरलेलं नव्हतं. आणि कोरडं गोणपाट टाकलं तर पेटी आणखी उबेल, म्हणून त्या दिवशी ते टाकीच्या आडोशाला पडून राहायचं. एक दिवस पेटी झाकलेली, एक दिवस उघडी. असं जूनपर्यंत चाललं.

मे महिन्यात एकदा नात म्हणाली, "आजी, एक दिवस ओझोन भरपूर दिसते, दुसऱ्या दिवशी दुपारीच कमी. मंग पुन्हा भरपूर. असं कुठी असते काय?"

"मले काय विचारते?" मी म्हटलं. खरंच काही सुचलं नव्हतं मला. माझ्या डोक्यात ओझोन म्हणजे कॉम्प्युटरमधलं काही होतं आणि गोणपाट म्हणजे गोणपाट.

तिने आठ दिवस डोकं खाजवलं आणि मग तिला ट्रक सापडले. उमरेड रोडवरून कोळशाचे, मुरमाचे ट्रक जातात. ट्रकच्या ताज्या धुरात एक वायू असतो, तो बनलेला ओझोन खाऊन टाकतो, असं तिने सांगितलं. म्हणजे ज्या दिवशी ट्रक जास्त त्या दिवशी आपल्या गच्चीवर ओझोन कमी.

"म्हणजे ट्रकनं हवा साफ होते?" मी विचारलं.

"इथली. त्या वेळेपुरती. पुढं जाऊन पुन्हा शिजते ते."

"बह्याडासारखी हवा आहे, येड्यासारखी."

मला ते पटलं नव्हतं, पण ती शिकलेली. ती दोन दिवस उमरेड रोडवर चहाच्या टपरीवर बसून ट्रक मोजून आली. पहिल्या दिवशी जास्त निघाले, दुसऱ्या दिवशी कमी. चेहरा लाल, ओठ फुटलेले, पण उड्या मारत घरी आली. मग तिने कॉम्प्युटरमध्ये एक दिवसाआड ट्रक सोडले, आणि कॉम्प्युटरचं आणि पेटीचं जुळलं. कागदावर दोन रेघा काढून आणल्या होत्या, कॉम्प्युटरची निळी, पेटीची लाल. एकीवर एक बसल्या होत्या. तिचे सर म्हणाले, हे नवीन आहे, याचा वेगळा अध्याय कर. त्या दिवशी तिने दोनदा वरण मागून घेतलं आणि तिचा पाय हलला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, एका बुधवारी, संध्याकाळी मी भाकरी टाकत होते. ती ओट्याला टेकून उभी होती.

"आजी, मागच्या आठवड्यात काय झालं होतं? लागोपाठ तीन दिवस ओझोन वर. ट्रक बंद होते वाटते. संप-बिंप होता का काही?"

मागच्या आठवड्यात चौकात पाइप फुटला होता. तीन दिवस नळ नव्हता. टँकरवर भांडणं झाली होती, मी स्वतः दोघींशी भांडले होते.

माझी तव्यावरची भाकरी तशीच राहिली.

"जळून राहिली, आजी."

"दिसते मले."

मी भाकरी उलटली. काळी झाली होती. ती मीच खाल्ली. तिला म्हटलं, संप होता का ते मला माहीत नाही. हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

गुरुवार नळाचा दिवस होता. मी पाणी भरलं. गोणपाट बुडवलं नाही. उचललं, पुन्हा ठेवलं. साडेअकराला वर गेले, पेटीकडे पाहिलं, खाली आले. पुन्हा वर गेले. तांदूळ निवडायला घेतले आणि निवडलेले न निवडलेल्यात मिसळून टाकले. कपाटातली भांडी काढून घासली, जी घासायची गरज नव्हती. शेजारीण येऊन म्हणाली, "काकू, दिवाळी काढली का जूनमध्ये?" मी तिला बस म्हटलं नाही.

मी कोणाला भीत नाही. सासूला भ्याले नाही. नातीला कशाला भिऊ? पण तिचा अख्खा अध्याय त्या ट्रकवर उभा होता, आणि ते ट्रक म्हणजे मी होते. सांगितलं तर जूनअखेर जाते. नाही सांगितलं तर जूनअखेर राहते, पुणे राहते, दोन रेघाही जुळलेल्या राहतात. शुक्रवारीही मी हाच हिशोब करत खालीवर केलं. गुडघे दुखायला लागले. दोन दिवसांत जेवढ्या पायऱ्या चढले तेवढ्या महिन्यात चढत नाही.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "सोमवारी छापाले देते. सरांनी हो म्हटलं."

मी म्हटलं, "देऊ नको."

"काहून?"

"ट्रक नाही ते. मी आहे."

"काय बोलून राहिली तू?"

"तुह्या पेटीवर मी गोणपाट टाकत होती. ओलं. नळ आला का टाकाचं. नळ नाही तर नाही."

ती आधी हसली. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. मी कधी चेष्टा करते? मग तिचं हसणं थांबलं. ती वर गेली, टाकीच्या आडोशाचं गोणपाट दोन बोटांनी धरून खाली घेऊन आली. माझ्यासमोर टाकलं.

"हे?"

"हाव."

"ओल्या गोणपाटावर ओझोन टिकत नाही, आजी. तिथंच संपते. पेटीत जाईपर्यंत काही राहातच नाही."

"मले काय माहीत? तापून राहिली होती."

"तुले हात लावू नको म्हटलं होतं!"

"हाव. म्हटलं होतं."

"कवापासून?"

"चिप्स वाळत होते तवापासून."

ती खाली बसली. फरशीवर. मग विचारलं, "अन् तुले हे समजलं कधी? आज?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. "बुधवारी," मी म्हटलं. "तू तीन दिवसांचं विचारलं तवा. पाइप फुटला होता न."

"बुधवारी? अन् तू आज सांगते?"

"तू ट्रकवर इतकी खूश होती."

गोणपाटासाठी ती जेवढी रागावली नव्हती तेवढी या दोन दिवसांसाठी रागावली. काय काय बोलली ते लिहीत नाही. तिचं बोलणं बरोबर होतं.

मग ती गोणपाटाचे धागे उपटत बसली. म्हणाली, "कोणाले समजत नाही हे. रेघा जुळते. सर खूश आहेत. मी जमा करून देते अन् पुण्याले जाते."

"जा," मी म्हटलं. "मंग उमरेडच्या लोकाईले काय सांगशील? ट्रक वाढवा, हवा चांगली राहील?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला उठून चहा ठेवावा लागला.

चहा झाला, आणि ती म्हणाली, "सरांकडं जाते." मी म्हटलं, मी येते. ती नको म्हणाली. मी म्हटलं, किती वाजता टाकलं, किती वाजता काढलं, तुझे सर विचारतील, तुला माहीत आहे का? मी खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं. नळ आला की त्या तारखेवर मी पेनाने फुली मारते. नाहीतर आज आला होता की काल, यावरून शेजारणीशी वाद होतात.

सरांची खोली थंडगार होती. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. नातीने उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी तिला मधे तोडलं नाही. मग मला बसायला सांगितलं आणि मलाच विचारू लागले.

"आजी, गोणपाट एकेरी की दुहेरी?"

"दुहेरी."

"सुकायचं किती वाजता?"

"चार वाजेपर्यंत दमट राहायचं. पाचाले काढाचं मी."

"कधी चुकून बिननळाच्या दिवशी टाकलं?"

"नाही. पाणी मोफत येते का?"

ते हसले नाहीत, लिहून घेत होते. मग त्यांनी नातीला कॉम्प्युटरवर काहीतरी उघडायला लावलं. पेटी आपल्या पोटातली उष्णताही मोजत होती, हे मला तेव्हा समजलं. एक दिवसाआड दुपारी पेटी आतून गार व्हायची. सगळं तिथे लिहिलेलं होतं.

"हे बघितलं नव्हतंस?" त्यांनी विचारलं.

नातीने मान हलवली. "ओझोनच पाहत होते, सर."

"आजींनी गोणपाट टाकलं ही त्यांची चूक. पेटी गार का झाली हे तू विचारलं नाहीस ही तुझी. आणि ट्रकांची गोष्ट मला आवडली ही माझी."

त्यांनी ते एवढ्या सरळ म्हटलं की मला बरं वाटलं. नातीला वाटलं नसावं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तिने पुसलं नाही आणि मीही पाहिलं असं दाखवलं नाही.

मग कॅलेंडर आणि कॉम्प्युटर समोरासमोर ठेवले. मी फुलीची तारीख वाचायची, ती सांगायची, गार. पुढची फुली, गार. पुढची, गार. मेच्या मध्यावर तीन फुल्या आल्या, तिथे पेटी गार नव्हती. दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"फुली तर आहे," नात म्हणाली. "मंग?"

मी अक्षर पाहिलं. माझी फुली कडक असते, ही लोंबकळत होती. "ही मी नाही मारली. तूच मारली. मी उमरेडले भाचीच्या लग्नात होती. जाताना सांगून गेली होती, फुली मारजो."

"हाव," नात म्हणाली. "पाणी मीच भरलं होतं."

"मंग गोणपाट कोण टाकणार? तू?"

सर तेव्हा हसले.

त्यांनी सांगितलं की फुल्यांचे दिवस काढून टाका, आणि कॉम्प्युटरमधून ट्रक काढून सगळं पहिल्यापासून चालवा. शिवाय दुसरीकडून एक पेटी आठवड्यापुरती उसनी मागवून गच्चीवर दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवायच्या, एकीवर ओलं गोणपाट, एक उघडी, म्हणजे फरक किती पडतो ते दाखवता येईल. पण उन्हाचे दिवस थोडे उरले होते. ढग आले की ओझोन शिजतच नाही.

त्या आठवड्यात मी आयुष्यात पाहिलं नसेल एवढं आभाळ पाहिलं. साडेअकराला गोणपाट, पाचला काढायचं, आता लपवून नाही तर वहीत वेळ लिहून. नात सुटी घेऊन घरी होती. माझ्याशी कामापुरतं बोलायची. "पिळलं का?" "पिळलं." "किती वाजले?" "साडेअकरा." सहा दिवस कडक ऊन मिळालं, सातव्या दिवशी दुपारी ढग भरून आले आणि नात उसनी पेटी उचलून खाली आली. उघड्या पेटीत जेवढा ओझोन होता त्याच्या निम्माही गोणपाटाखालच्या पेटीत नव्हता.

ते काम झालं, पण अडलं दुसरीकडे. खापा ते उमरेड पुन्हा पहिल्यापासून चालवायचं म्हणजे घरच्या कॉम्प्युटरचं काम नाही. तिच्या संस्थेत एक मोठा आहे, त्याला नंबर लावावा लागतो. मी खालीवर करत होते त्या गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत तो रिकामा होता. शुक्रवारी दुपारी दुसऱ्या एका विद्यार्थ्याने त्याचं काम लावलं, ते तीन आठवडे चालणार होतं. मधेच थांबवता येत नाही, त्यालाही मुदत होती.

हे मला नातीने जूनच्या शेवटी सांगितलं, पोळ्या लाटताना, माझ्याकडे न बघता. "बुधवारी सांगितलं असतं तर गुरुवारी लावलं असतं, आजी. बसलं असतं जूनमध्ये."

मी पोळी शेकत होते. शेकत राहिले. माफी मागणं मला जमत नाही, आणि मागून कॉम्प्युटर रिकामा झाला नसता.

सरांनी खटपट करून मुदत पुन्हा वाढवून घेतली. पुण्याच्या लोकांना तिने फोन केला. ते म्हणाले, आम्हाला ऑगस्टमध्ये माणूस पाहिजे, तुझ्यासाठी थांबता येणार नाही. तिने थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि दोन दिवस तिचा पाय एकसारखा हलत होता. मी ताटाबद्दल काही बोलले नाही.

जुलैत कॉम्प्युटर मोकळा झाला. ट्रक काढले, फुल्यांचे दिवस काढले, आणि दोन रेघा पुन्हा आल्या. पहिल्यासारख्या एकीवर एक बसल्या नव्हत्या. दुपारी निळी थोडी वर राहायची. सर म्हणाले, ही खरी वाटते. नात म्हणाली, मलाही. मी म्हटलं, उमरेडची चौकट? ती म्हणाली, आधीपेक्षा लाल. मी माहेरी फोन लावून भावजयीला सांगितलं की उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार नातवंडांना अंगणात सोडू नको. ती म्हणाली, "आम्ही सोडतच नाही, बाई. उन्हात कोण सोडते?" एवढंच तिथलं झालं.

हिवाळ्यात नातीची शेवटची तोंडी परीक्षा झाली. ती सगळ्यांसमोर होते. मुलगा-सून आले होते. अशा वेळी घरचे खायचं नेतात म्हणे, म्हणून मी कोथिंबिरीची सांबारवडी केली, दोन डबे. मागच्या रांगेत बसले. नात इंग्रजीत बोलत होती, पडद्यावर माझा ओळखीचा नकाशा आणि चौकटी. मला एक अक्षर कळत नव्हतं. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी काहीतरी विचारलं, नातीने उत्तर दिलं आणि अख्खी खोली वळून माझ्याकडे बघायला लागली.

परीक्षकांनी हिंदीत विचारलं, "अम्मा, बोरा क्यों डाला?"

"गरम हो रही थी," मी म्हटलं.

सगळे हसले. मी हसले नाही. ज्यात पोरीची नोकरी गेली त्यात हसण्यासारखं काय ते मला कळलं नाही. परीक्षकांनी हात वर करून त्यांना गप्प केलं, आणि नातीला पुढचं विचारलं. नळाचं कॅलेंडर तिने प्रबंधाच्या मागे जोडलं होतं, त्याची पानं त्यांनी एकेक करून उलटली. अर्ध्या तासाने ते उठून उभे राहिले आणि तिला डॉक्टर म्हणाले. सांबारवडी दहा मिनिटांत संपली.

घरी येताना ऑटोत मी विचारलं, "पुण्याची ती जागा?"

"तिथं दुसरा लागला. कधीचाच."

"मी बुधवारी बोलली असती तर तू असती तिथं."

"हाव," ती म्हणाली.

जाऊ दे म्हणाली नाही, बरं झालं म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला आवडलं नसतं.

घरी आल्यावर मुलगा आणि सून झोपायला गेले, दुपारची वेळ होती. नात कॉम्प्युटर उघडून बसली. मी चहा नेला आणि विचारलं, काय पाहतेस. म्हणाली, जाहिराती. तिच्या विषयाच्या दोनच जागा निघाल्या होत्या. एक परदेशात, एक गुवाहाटीला.

"गुवाहाटी किती लांब आहे?"

"लांब आहे, आजी. दोन दिवस गाडीत."

"अर्ज कधीपर्यंत?"

"आहेत अजून पंधरा दिवस. उद्या-परवा भरते. आज थकली मी."

"आज भर."

"आजी, आजच तर—"

"आज भर म्हटलं न. चहा पी अन् भर."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग चहा बाजूला सरकवून लिहायला लागली. अर्ज लांबलचक होता, मधेच तिने दोनदा जांभई दिली. शेवटचं बटण तिने दाबेपर्यंत मी तिच्या खुर्चीमागून हलले नाही.